कसब्यात पाहुणा

हेरिटेज वॉक म्हणजे आधी पैसे भरायचे, मग रविवारी लवकर उठायचं आणि अनोळखी माणसांच्या घोळक्यात रस्त्यावर उभं राहून वर बघायचं, एवढंच मला लेकीच्या बोलण्यावरून कळलं होतं. आयुष्य नागपुरात गेलं. निवृत्त झाल्यावर लेकीकडे पिंपळे सौदागरला राहायला आलो. तिथे जुनं म्हणजे रंग उडालेली सोसायटी. "बाबा, सारखं म्हणता ना, मला खरं पुणं दाखव म्हणून? नाव घातलंय तुमचं," असं म्हणत तिने मोबाइल पुढे केला. त्यात सूचना होत्या: चालायचे बूट घाला, पाण्याची बाटली आणा, राहत्या घरांत विचारल्याशिवाय शिरू नका. शेवटची सूचना वाचून मला हसूच आलं. लोकांच्या घरात विचारल्याशिवाय कोण शिरतं?

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे आम्ही जमलो. वाट दाखवणारी मुलगी वास्तुकला शिकत होती. हातात प्लास्टिकच्या कव्हरात घातलेले नकाशे, आवाज खणखणीत. घोळक्यात एक बंगळुरूचं जोडपं, कॉलेजातली चारपाच मुलं, आणि सदाशिव पेठेत जन्मलेले एक गृहस्थ. या गृहस्थांना सगळं आधीच ठाऊक होतं. ते पैसे भरून का आले होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा तपासायला.

दरवाजा बघून छाती दडपली, हे खरं. हत्तीने धडक मारू नये म्हणून बसवलेले लोखंडी सुळे आपल्या डोक्याच्या बरेच वर आहेत. हत्तीचं कपाळ कुठवर येतं, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. पण आत गेलो आणि बावचळलो. आत वाडा नाही! हिरवळ, फरसबंद वाटा, कमरेएवढी दगडी जोती आणि फोटो काढणारी मंडळी. "इथे पेशव्यांचा सात मजली महाल होता," ती म्हणाली. तिच्या बोटाच्या दिशेने मी पाहिलं. तिथे एक कावळा बसला होता. 10 जानेवारी 1730 ला थोरल्या बाजीरावांनी पाया घातला, 1732 च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, त्या वेळचा खर्च 16,110 रुपये, 1828 च्या फेब्रुवारीत आग लागली आणि लाकडी मजले जळून गेले. दगड आणि तटबंदी तेवढी उरली. मी मान डोलवत होतो. बाकीचेही डोलवत होते. त्यांना काही दिसत होतं का, की तेही माझ्यासारखे कावळाच बघत होते, कोण जाणे. कॉलेजातल्या एका मुलाला इथे खून झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या, अजूनही ऐकू येते म्हणतात त्या किंकाळीत रस होता. तिने 30 ऑगस्ट 1773 ही खुनाची तारीख सांगितली, आणि अमावास्येच्या आवाजांची चौकशी सुरू व्हायच्या आत सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याकडे चालायला लागली. तिथे मला ती पहिल्यांदा आवडली.

मग तिने एक कामाची गोष्ट शिकवली. जोत्यावर खाली वाकून बघा म्हणाली. खांबाच्या बुडाशी जो घडीव दगड असतो तो तळखडा. त्यावर लाकडी खांब उभा, खांबावर आडवी तुळई, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुन्या काळी वाडा किती मोठा, ते खणांत मोजायचे. लाकूड जळतं, कुजतं, विकलं जातं, पण तळखडा जागच्या जागी राहतो. तेव्हा वर बघू नका, आधी खाली बघा आणि मनात खांब उभे करा. मी दोन तळखड्यांच्या मधलं अंतर पावलांनी मोजून पाहिलं. गृहस्थ म्हणाले, "सागवान होतं सगळं." मी म्हटलं, "असेल." महाल काही उभा राहिला नाही, पण एका खणाची रुंदी तरी पायांना कळली.

लाल महालात फार थांबलो नाही. आज दिसते ती इमारत महापालिकेने 1980 च्या दशकात बांधलेली. शिवाजी महाराजांनी एप्रिल 1663 मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला तो मूळ महाल कधीच गेला. कसबा गणपतीला मात्र सगळ्यांनी चपला काढल्या, बंगळुरूच्या जोडप्यानेही. ग्रामदैवत आणि मानाचा पहिला गणपती. पाठ केलेली माहिती तिने आवरती घेतली, आणि मीही नमस्कार करून बाहेर आलो. देवळात आपण बघे नसतो. तिथे हात कुठे ठेवायचे ते ठाऊक असतं.

खरी पंचाईत पुढच्या गल्ल्यांत झाली. कसबा ही पुण्याची सगळ्यांत जुनी पेठ, तिला वार नाही. वारांची नावं मागाहून आली. त्याआधी सोमवार पेठ शहापुरा होती, रविवार पेठ मलकापूर, शनिवार मुर्तझाबाद, बुधवार मोहियाबाद. कसब्यात मात्र पत्ता धंद्यावरून: बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, तांबट आळी. फडके हौद आता चौकाचं नाव म्हणूनच लोकांच्या तोंडी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला बांध घालून तिथलं पाणी बांधीव दगडी नळातून, पंपाबिंपाशिवाय, नुसत्या उतारावर शहरातल्या हौदांत आणलं, ती गोष्ट तिने चौकाच्या कडेला रिक्षांचे हॉर्न चुकवत सांगितली. नळ इतका मोठा की साफ करायला माणूस आत उतरायचा, आणि वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधलेले. शेजारी दुचाकीवर पाण्याचा जार लादून एक मुलगा सिग्नलला उभा होता. त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि ते बरंच झालं.

तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू आली. ठण् ठण् ठण्, मध्ये एक क्षण थांबून परत ठण् ठण्. रविवार असूनही दोनतीन ठिकाणी काम चालू होतं. एका दारात ती थांबली, आतल्या माणसाला "काका, येऊ का?" विचारलं, तेव्हा मोबाइलमधली सूचना माझ्या डोक्यात शिरली. खालच्या खोलीत कारखाना, मागे आणि वर घर. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. एक मुलगी बाह्या वर सारून ताटं विसळत होती, आणि आम्ही बाराचौदा जण दाराशी दाटी करून आत बघत होतो. मी भिंतीकडे बघू लागलो. भिंतीवर कपडे वाळत होते. छताकडे पाहिलं तर माळ्यावरून एक लहान मूल आमच्याकडे टक लावून बघत होतं. शेवटी नजर खाली घातली, आणि खांबाखाली दिसला तळखडा! त्याला टेकून स्कूटर लावली होती.

काकांना आमचं काही नव्हतं. लोखंडाच्या आडव्या दांडीवर त्यांनी तांब्याची कळशी उपडी चढवली होती. उजव्या हातात गुळगुळीत तोंडाचा हातोडा, डावा हात कळशी फिरवतोय. ठोका पडला की कळशी बोटभर सरकते, पुढचा ठोका आधीच्या ठशाला लागून पडतो. ओळ पूर्ण झाली की खाली दुसरी. प्रत्येक ठशाची एक छोटी चकचकीत टिकली, आणि तिच्यात दारातला उजेड. या ठोकण्याला मठार म्हणतात. मला आजवर ती नक्षी वाटत होती. काका म्हणाले, नक्षी नव्हे, तब्येत. भट्टीत तापवल्यावर तांबं मऊ पडतं, हाताने दाबलं तरी पोचा येईल. मठार दिला की पत्रा कडक होतो. "मशिनचं भांडं बघा, वरून मठार मारल्यासारखं छापलेलं असतं. बोटाने दाबून बघायचं," म्हणाले, आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी मला कळशी दाबायला लावली. नाही दबली.

तांबट मंडळी पेशवाईत इथे स्थिरावली. तेव्हा लष्कराचं काम होतं, मग हंडे, घागरी, पराती, पाणी तापवायचे बंब. स्टील आलं, गिझर आला. आता शोभेचे दिवे आणि पाण्याच्या बाटल्या. कोपऱ्यात एक बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. आमच्या घरीही होता. बंगळुरूच्या बाईंना त्यात झाड लावायचं होतं, म्हणजे कुंडी करायची होती. काकांनी शांतपणे भाव सांगितला. एवढ्यात गृहस्थांनी पुढे होऊन तांब्याच्या शुद्धतेवर भाषण सुरू केलं. काका ठोके घालू लागले. भाषण बुडालं.

बाहेर आलो तर समोरच्या ओट्यावर एक आजी पाय पसरून गवार निवडत बसल्या होत्या. माझं पांढरं डोकं बघून त्यांनी मलाच हटकलं.

"कुठले हो तुम्ही?"

"नागपूरचा. लेकीकडे आलोय."

"एवढ्या लांबून आमचे पडके वाडे बघायला?"

काय बोलणार? मी म्हटलं, "चांगले आहेत की."

"चांगले तुम्हाला. पावसात टोपल्या लावून बघा." मग त्यांनी टेकू दिलेली शेजारची माडी दाखवली. मालक पाडायला बसलाय, भाडेकरू हलत नाहीत, कारण जितक्या भाड्यात राहतात तितक्यात आज रिक्षाही येत नाही. पुनर्विकास झाला तर खोली मिळेल, पण ओटा मिळणार नाही. "गवार कुठे निवडू मग? लिफ्टमध्ये?" एवढं बोलून त्या आपल्या कामाला लागल्या. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराबद्दल मी विचारलं, तेव्हा हातातली शेंग तशीच धरून त्या नदीच्या दिशेने बघत म्हणाल्या, तिकडच्या मातीच्या भिंती पाण्यात साखरेसारख्या गेल्या. शनिवारवाड्यात जे मला काही केल्या दिसत नव्हतं, ते इथे आजींच्या बोलण्यात दिसलं. त्यात मनात खांब उभे करायची गरज पडली नाही.

शेवट सोमवार पेठेत, नागझरीच्या काठच्या त्रिशुंड गणपतीपाशी. काळ्या दगडाचं देऊळ, बांधकाम 1754 ते 1770 मधलं, भीमगीर गोसावींनी करवून घेतलेलं. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. गाभाऱ्याच्या भिंतीवर शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक चक्क फारसी. पण मी अडकलो दर्शनी भिंतीपाशी. तिथे खाली, सहज नजरेतून सुटेल असं एक शिल्प आहे: साखळीने जखडलेला गेंडा, आणि त्याला बांधणारे बंदूकधारी गोरे शिपाई. पुण्यात गेंडा! ती म्हणाली, इंग्रजांनी बंगाल आणि आसाम गिळला, त्याचं हे चित्र मानतात. गृहस्थ म्हणाले, तसा पुरावा नाही. मग दोघांची जुंपली, आणि मला फार बरं वाटलं. इतका वेळ ते नुसतं दुजोरा देत होते. आता कुठे त्यांना खरोखर न पटलेलं काही सापडलं होतं. मी गेंड्याच्या पायाजवळ वाकलो. ज्या पाथरवटाने हा कोरला त्याने गेंडा कधी पाहिला असेल का? कातडीच्या घड्या तर अचूक वाटतात. प्लासीची लढाई 1757 ची, म्हणजे देऊळ चढत असतानाची ताजी बातमी. वर्तमानपत्र नसताना ती इथवर पोचली आणि कुणाला तरी ती देवळाच्या दारावर कोरावीशी वाटली, एवढं खरं असलं तरी मला पुरे आहे.

देवळाखाली तळघर आहे, त्यात एका गोसावींची समाधी. एरवी तिथे पाणी असतं. गुरुपौर्णिमेला पाणी काढून लोकांसाठी उघडतात. लेकीला तारीख मोबाइलमध्ये घालायला सांगितली आहे. तिचं म्हणणं, परत वॉकचे पैसे भरते. मी म्हटलं, नको, एकटा जातो. कसबा गणपतीपासून पुढे तांबट आळीतून वाट आहे, आणि आजींना गवारीचं विचारायचं आहे.