बुद्धीची खातेवही

कुणाचं पोरगं अमेरिकेला निघालं, की आमच्या मनोरीच्या धक्क्यावर ‘बुद्धी चालली हो देशाबाहेर!’ असा गळा काढला जातो. आकडा मात्र कुणी विचारत नाही. मुंबई आयआयटीचे प्रा. सुहास सुखात्मे यांनी विचारला. शिकवायचे उष्णता आणि सौरऊर्जा. पण वडील संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, तेव्हा मोजल्याशिवाय चैन कसं पडणार? १९७३ ते १९७७च्या पदवीधरांची खातेवही उघडली: परदेशी स्थायिक सुमारे ३१ टक्के. बाकीची शिल्लक कुणी बोलतच नाही! स्वतः ते एमआयटीत डॉक्टरेट करून १९६५मध्ये पवईला परतलेले. आम्ही बँकवाले याला व्याजासह परतफेड म्हणतो.

पुतण्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, “काका, मी शिल्लकेत राहतो. नोकरी तेवढी बघा.”

मी मुकाट्याने त्याच्या शैक्षणिक कर्जाचा फॉर्म भरायला घेतला.