बॅनरवरचे भाऊ आणि खालचा माणूस

मे महिन्यात जळगावात उघडे चेहरे फक्त होर्डिंगवर दिसतात. पारा ४४-४५ला टेकला की रस्त्यावरचा प्रत्येक जण स्वतःला गुंडाळून घेतो. मुली स्कार्फमध्ये, गडी माणसं पांढऱ्या उपरण्यात, दुचाकीवाल्यांचे तर डोळेही गॉगलमागे. आणि वर, त्याच उन्हात, क्लासचे टॉपर, सराफाच्या जाहिरातीतली नवरी आणि वाढदिवसाचे भाऊ खुशाल हसत असतात. दुपारी दोनला लोक त्यांच्याच सावलीत रिक्षाची वाट बघत उभे असतात. मी या उभ्या असलेल्यांचे फोटो काढतो.

पोटापाण्याला सॉफ्टवेअर आहे. घरूनच काम, त्यामुळे सकाळची मीटिंग आटोपली की तासभर सटकता येतं. खेळ सोपा आहे. मागच्या चित्रातलं काहीतरी आणि पुढून जाणारा माणूस फ्रेममध्ये असे बसवायचे की दोघं एकमेकांचेच वाटले पाहिजेत. गोलाणी मार्केटजवळ एका क्लासचं होर्डिंग होतं, त्यावर टॉपरांच्या मुंडक्यांची रांग. तिच्याखाली दुधाच्या कॅन लावलेला सायकलवाला पोरगा थांबला आणि त्याचं डोकं बरोबर रांगेत, ९८ टक्के आणि ९७ टक्क्यांच्या मधोमध आलं. त्या एका फोटोसाठी मी चार दिवस समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो.

याला महागडा कॅमेरा लागत नाही, उलट फोनच बरा. फोनचा सेन्सर एवढासा असतो, म्हणून जवळचा माणूस आणि लांबची भिंत दोन्ही स्पष्ट येतात. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा. तो मागचं सगळं धूसर करतो, म्हणजे आपला अर्धा विनोदच पुसून टाकतो. माणूस फार मोठा आणि चित्र बारकं दिसत असेल तर आपण मागे सरकायचं आणि झूम करायचं. दोघांची मापं जुळतात, मधलं अंतर नाहीसं होतं.

अंतर नाहीसं करण्याची ही हातचलाखी खानदेशाला नवी नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायचे आणि त्यांचा फोटो असा काढायचे की बघणाऱ्याला खराखुरा निसर्ग वाटावा. टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. आयुष्यातली कित्येक दशकं हा माणूस घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, जरूर बघा. माझं काम त्यांच्या बरोबर उलटं. त्यांच्या टेबलावर सगळं त्यांच्या मर्जीनं चालायचं. माझ्या फ्रेममध्ये कोण येणार हे मला माहीत नसतं आणि येणाऱ्यालाही माहीत नसतं.

खरी अडचण इथेच आहे. हसायचं कुणाला? एलियट अर्विटचा १९९५चा एक फोटो आहे, माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातला. गोयानं एकाच बाईची दोन चित्रं काढली, एक कपड्यांतलं, एक विवस्त्र. विवस्त्र चित्रासमोर पुरुषांचा घोळका, कपड्यांतल्या चित्रासमोर एकटी बाई. यात चिमटा बसतो तो बघणाऱ्यांना, आणि तो रास्त आहे. मार्गारेट बर्क-व्हाइटच्या १९३७च्या फोटोत अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात पुरानंतर मदतीसाठी कृष्णवर्णीयांची रांग लागली आहे. मागच्या होर्डिंगवर मोटारीत बसलेलं हसरं गोरं कुटुंब आणि जगातल्या सर्वोच्च राहणीमानाची जाहिरात. तिथे खोटं पडतं ते होर्डिंग. रांगेतल्या माणसांचा मान जराही कमी होत नाही. याचीच स्वस्त आवृत्ती म्हणजे वर सोन्याचा हार, खाली डोक्यावर टोपलं घेतलेली बाई. असे फोटो मी काढत नाही. त्या बाईला त्यातून काय मिळतं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

धुळ्यात मावशीकडे गेलो होतो. जुन्या आग्रा रोडवर एका भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर. भाऊ हात जोडून, मान किंचित कलती. खाली एक माणूस तंबाखू मळत उभा. तेच हात, तीच मान. क्लिक केलं आणि त्यानं पाहिलं.

"काय रे भो, मना फोटू काढा का? दखाड बरं."

दाखवला. आधी तो स्वतःकडे बघत राहिला, मग वरच्या भाऊंकडे, आणि मग असा हसला की हातातली तंबाखू सांडली. म्हणाला, हा बॅनर रात्री दोन वाजता मीच बांधलाय. बांधायचे पैसे अजून यायचेत. मग नंबर देऊन मला पाठव म्हणाला. पाठवला. लगेच आवाज उतरवून म्हणाला, पण तू कुठं टाकू नको. भाऊंची पोरं बघतील, पुढचं काम जाईल.

आत्तापर्यंतचा माझा सगळ्यात चांगला फोटो तो आहे आणि तो माझ्या इन्स्टावर नाही. मित्र म्हणतात, चेहरा ब्लर कर आणि टाक. पण तो हसायच्या आधीचा चेहरा झाकला तर उरतात नुसते भाऊ, आणि ते चौकाचौकात आहेतच.

आठवड्यानं त्या माणसाचा डीपी बदललेला दिसला. तोच फोटो, त्यानं कापून घेतलेला. भाऊ गायब, तंबाखू मळणारा तो एकटाच. वरच्या कडेला भगव्या पट्टीत भाऊंचं एक कोपर तेवढं राहिलंय.