राखीव प्रत

बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये माझ्या मामांचे कापडाचे दुकान आहे. त्यांच्या नव्या लॅपटॉपसोबत विंडोजची सीडी आली नव्हती. हल्ली ती देत नाहीत. विंडोज पुन्हा बसवायची सामग्री हार्ड डिस्कच्याच एका भागात असते. दिवाळीच्या तोंडावर डिस्क बंद पडली आणि तो भागही गेला. सुट्टीत मी जवळच्या एस. पी. रोडवरून नवी डिस्क आणली, दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार करून विंडोज बसवले. उधारीचा हिशेब मात्र मामींनी घरी ठेवलेल्या वहीमुळेच वाचला.

राखीव तुकडी आघाडीच्या खंदकात ठेवत नाहीत. मित्रांनो, लॅपटॉप घ्याल त्याच दिवशी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवा, आपल्या फायलींची नक्कल निराळी घ्या आणि दोन्ही लॅपटॉपपासून दूर ठेवा.