वाचण्याचे दोन अर्थ : 'ज्युरासिक पार्क' आणि खानदेश

मराठीत 'वाचणे' ह्या एका रूपात दोन क्रियापदे भेटतात. पोथी वाचली जाते आणि माणूस संकटातून वाचतो. दोहोंची कुळे वेगळी आहेत. तरी त्यांचे हे उच्चारसाम्य एका विशिष्ट कथाप्रकाराच्या समीक्षेला उपयोगी पडावे, असे मला वाटत आले आहे. हा प्रकार म्हणजे जिवावरच्या प्रसंगातून वाचण्याची कथा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ज्युरासिक पार्क' (१९९३) हे तिचे बहुश्रुत उदाहरण. मराठी समीक्षेने अशा चित्रपटांना 'बाजारू' ह्या एका विशेषणात निकालात काढले. ते विशेषण खोटे नाही, पण त्याने विश्लेषणाची जबाबदारी टळत नाही. १९९४ साली ह्या चित्रपटाची हिंदी आवृत्ती प्रदर्शित झाली आणि इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत हॉलिवूड पोचण्याची वाट मोकळी झाली. मीही तो प्रथम धुळ्यात, हिंदीतच पाहिला. २०२५ साली ह्या मालेतला सातवा चित्रपट आला. इतका काळ टिकलेल्या संहितेकडे आपण आपल्या जागेवरून कसे पाहतो, हा प्रश्न त्यामुळे शिळा झालेला नाही.

ह्या कथेच्या मुळाशी एक वाचनक्रिया आहे. राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातील रक्तातून शास्त्रज्ञ डायनोसॉरची जनुकीय संहिता मिळवतात. ती खंडित असते, म्हणून तिच्यातील गळालेल्या जागा बेडकाच्या जनुकांनी भरल्या जातात. पाठचिकित्सेशी परिचय असणाऱ्याला हा व्यवहार ओळखीचा वाटेल. जुन्या पोथीतील त्रुटित स्थळे अन्य पोथीच्या आधाराने भरताना चिकित्सक संपादक ती कंसात दाखवतो, कारण भरलेला मजकूर मूळ मजकुराशी एकजीव करणे हा अपराध असतो. पार्कचे शास्त्रज्ञ हा कंस घालत नाहीत. सर्व प्राणी मादी असल्याने प्रजनन अशक्य आहे, असे ते ठामपणे सांगतात. पण बेडकाच्या अंशामुळे काही माद्यांचे नर होतात आणि रानात अंडी सापडतात. फुटलेली कवचे पाहून त्यांचा अर्थ लावतो तो पुराजीवशास्त्रज्ञ ग्रँट. अखेरीस दरवाजांची कुलुपे चालू होतात, तीही एका मुलीला संगणकाची प्रणाली वाचता येते म्हणून. जो वाचतो तो वाचतो, असे ह्या चित्रपटाचे वरवरचे सूत्र मांडता येईल.

परंतु हे सूत्र सर्वांना सारखे लागू होत नाही. चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात पिंजरा उतरवताना एक कामगार मारला जातो. पुढे त्याचा उल्लेख येतो तो त्याच्या कुटुंबाने लावलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यापुरता. ह्या दाव्यामुळे गुंतवणूकदार अस्वस्थ होतात, वकील येतो, तज्ज्ञांना पाचारण केले जाते आणि कथेला गती मिळते. कामगाराचा मृत्यू कथेला सुरुवात करून देऊन तिच्यातून नाहीसा होतो. शेवटी हेलिकॉप्टरमध्ये बसतात ते मालक हॅमंड, त्याची दोन नातवंडे आणि तीन पाहुणे तज्ज्ञ. शिकारी रक्षक मल्डून आणि अभियंता अर्नोल्ड बेटावरच मरतात. मायकेल क्रायटन यांच्या मूळ कादंबरीत (१९९०) हा हिशेब वेगळा आहे. तेथे हॅमंड आपल्याच निर्मितीचा बळी ठरतो, तर मल्डून आणि वकील जिवंत राहतात. माध्यमांतरात मालकाला जीवदान मिळाले आणि त्याची किंमत नोकरांनी दिली. ह्या बदलाची कारणे रंजनाच्या गणितात असतील, तरी त्यातून निघणारा अर्थ सामाजिकच आहे. भेटवस्तूंच्या दुकानातील मांडणीवरून कॅमेरा सरकतो, तेव्हा चित्रपट ज्या व्यापारावर टीका करतो त्याच व्यापाराची जाहिरातही करतो. मालकाविषयीची त्याची माया ह्याच ठिकाणाहून येते.

धुळ्यातल्या त्या प्रेक्षागृहात जनुकशास्त्राची चर्चा चुळबुळीत बुडून गेली, पण वीज गेल्यावर कुंपण निकामी होते हे कुणालाही समजावून सांगावे लागले नाही. पंपासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहणाऱ्या आणि अंधारात पाणी द्यायला शेतात जाणाऱ्या प्रदेशाला ते ठाऊक असतेच. फरक इतकाच की इथे जिवावरचा प्रसंग एका रात्रीत संपत नाही आणि त्यासाठी हेलिकॉप्टर येत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा कापसाच्या शेतात जाणे थांबवण्याची चैन मजुरांना परवडणारी नव्हती. पिंजरा उतरवणारा तो कामगार त्यांच्या जवळचा होता. चित्रपटाने मात्र आपल्याला पाहुण्यांच्या गाडीत बसवले होते.

ह्या चित्रपटाचे दुसरे वाचन मला केळीच्या बागांनी सुचवले. रावेर-यावल पट्ट्यातील केळीला बी नसते. पूर्वी लागवड कंदांपासून होई. १९९० च्या दशकापासून प्रयोगशाळेत वाढवलेली 'ग्रँड नाईन' वाणाची टिश्यूकल्चर रोपे जळगाव जिल्ह्यात रुजत गेली. म्हणजे प्रतिरूपांची निर्मिती पडद्यावर भयकथा म्हणून गाजत होती, त्याच दशकात ती इथे रोजच्या शेतीचा भाग होऊ लागली होती. त्यातून समान घड, एकाच वेळची काढणी आणि अधिक उत्पन्न मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण एकरूपतेची दुसरी बाजूही आहे. मावा किडीमार्फत पसरणारा कुकुंबर मोझॅक विषाणू, ज्याला शेतकरी 'हरण्या' म्हणतात, बागेत शिरला की एकसारख्या रोपांपैकी कोणतेही त्याला वेगळे उत्तर देऊ शकत नाही. रोगट झाडे उपटून नष्ट करावी लागतात. चित्रपटाची भीती आणि शेतकऱ्याची भीती इथे परस्परविरुद्ध ठरतात. चित्रपटात अनर्थ होतो तो प्रतिरूपाने आपली चौकट मोडल्यामुळे; बागेत तो होतो प्रतिरूप चौकटीतच राहिल्यामुळे. नियंत्रणाबाहेर जाणारे जीवन हे मालकाचे दुःस्वप्न आहे. उलट, बदलण्याची क्षमता हरवलेले जीवन ही पिकावर पोट असणाऱ्याची चिंता आहे.

तिसरे वाचन भूमीचे. चित्रपटाच्या नावात ज्युरासिक असले, तरी टायरॅनोसॉरस, ट्रायसेरटॉप्स आणि व्हेलॉसिरॅप्टर हे त्याचे प्रमुख प्राणी त्यानंतरच्या क्रिटेशस कालखंडातले. त्या कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत होता. धुळे-नंदुरबार परिसरातील काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती, ज्यांना भूशास्त्र 'डाइक' म्हणते, त्या भूगर्भातून वर चढलेल्या शिलारसाच्या गोठलेल्या वाटा आहेत. डायनोसॉरांच्या विनाशाचे मुख्य कारण मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेला अशनी मानले जाते. दख्खनच्या ज्वालामुखीचा त्यात किती वाटा होता, यावर वाद चालू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे त्या प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत. खानदेशात मात्र त्या काळाची जमीन लाव्ह्याखाली गाडली गेली. तेव्हा हा चित्रपट आपल्यासाठी सर्वस्वी परका आहे असे म्हणताना, आपण ज्या खडकावर उभे आहोत त्याचे वयही लक्षात घ्यावे लागते.

भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातील सांगवीचे; त्यांच्या देशीवादाने साहित्याला आपल्या भूमीशी नाते तपासायला लावले. त्याचा सोयीस्कर अर्थ मात्र असा केला गेला की, बाहेरून आलेल्या कृतीबद्दल बोलण्याची गरजच नाही. मला देशीयता कृतीच्या जन्मस्थानापेक्षा वाचनाच्या पद्धतीत अधिक महत्त्वाची वाटते. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' ह्या कादंबरीतही उत्खननातून हाती आलेले ज्ञान माणसाच्या ताब्यात राहू पाहत नाही. म्हणजे हे आशयसूत्र मराठीला अपरिचित नाही. उणीव आहे ती ते आपल्या अनुभवावर घासून पाहण्याची. कुंपण, बाग आणि खडक ह्या तीन ठिकाणांहून पाहिले, तर 'ज्युरासिक पार्क' श्रेष्ठ कलाकृती ठरत नाही. तो काय लपवतो एवढे मात्र स्पष्ट दिसते. तो आपल्याला कुणाच्या वाचण्यासाठी श्वास रोखायला लावतो आणि कुणाच्या मरणाची नोंद दाव्याच्या रकमेत उरकतो, हे विचारणे हे समीक्षेचे काम आहे.