प्रिव्होल्नोयेची काळी माती

वाचकहो, आज तुम्हाला जरा लांबच्या गावाला न्यायचे आहे. नकाशा घ्या. डावीकडे काळा समुद्र, उजवीकडे कॅस्पियन समुद्र, खाली कॉकेशस पर्वताची बर्फाच्छादित रांग. या तिघांच्या मधला, रशियाच्या दक्षिण टोकाचा सपाट मुलूख म्हणजे स्ताव्रोपोल प्रांत. त्या प्रांतात येगोर्लिक नावाच्या नदीकाठी एक गाव आहे, प्रिव्होल्नोये. या नावाचा अर्थ मोकळेढाकळे, ऐसपैस. गाव आहेही तसेच. घरे नदीच्या कडेने पांगलेली, प्रत्येक घरामागे परसू, आणि परसाच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर गहू आणि सूर्यफूल.

आपल्याला डोंगराशिवाय शिवाराची कल्पना करवत नाही. तिकडे मात्र बांध दिसत नाही, झाड दिसत नाही, दिसते ती जमीन आणि तिच्यावर टेकलेले आभाळ. माती काळी. तिला ते लोक चेर्नोझेम म्हणतात, म्हणजे शब्दशः काळी माती. आपली काळी खडकापासून झाली, त्यांची हजारो वर्षे गवत कुजून झाली. गहू पावसाळ्यानंतर पेरतात, तो बर्फाखाली थंडी काढतो आणि उन्हाळ्यात काढणीला येतो. वारा मात्र फार वाईट. पाऊस हुकला की मातीच उडते. १९६९ साली अशी काळी वादळे झाली, की पेरलेले पीक मातीसकट उडून गेले.

तुम्ही म्हणाल, इतकी चांगली जमीन, मग तिथला शेतकरी सुखी असेल. इथेच खरी गोष्ट सुरू होते.

१९२९-३० च्या सुमारास स्टालिनच्या सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी, बैल-घोडे, अवजारे एकत्र करून सामुदायिक शेते उभी केली. त्यांना कोलखोज म्हणत. ज्याच्याकडे दोन जनावरे जास्त, त्याला ‘कुलक’ म्हणजे गावचा शोषक ठरवून कुटुंबासह सैबेरियात धाडले. १९३३ साली दुष्काळ पडला, आणि धान्याची सक्तीची उचल तरीही चालूच राहिली. प्रिव्होल्नोयेतली निदान एक तृतीयांश माणसे तेव्हा भुकेने गेली, असे त्या गावच्या एका मुलाने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. तो मुलगा म्हणजे मिखाईल गोर्बाचोव्ह. जन्म २ मार्च १९३१.

त्याच्या एका घरातच दोन्ही बाजू होत्या. वडिलांचे वडील आंद्रेई कोलखोजात यायला तयार नव्हते. दुष्काळात त्यांची तीन मुले दगावली. पेरायला बी उरले नाही म्हणून ठरवून दिलेली पेरणी झाली नाही, तर १९३४ साली त्यांना घातपाती ठरवून सैबेरियात लाकूडतोडीला पाठवले. आईचे वडील पांतेलेई हे कोलखोजचे चेअरमन, पक्के पक्षनिष्ठ. तर त्यांनाही १९३७ साली पकडून नेले. शेजारीपाजारी त्या घरावरून जायचे टाळू लागले. वर्षाहून अधिक काळाने ते सुटून आले आणि पुन्हा चेअरमन झाले. विरोध करणारा आणि राबवणारा, दोघांनाही एकाच वाटेने नेणारी ही व्यवस्था होती.

कोलखोजचा हिशेब कसा चाले तेही बघा. शेतकऱ्याला रोजंदारी नव्हती. कामाचा दिवस भरला की वहीत एक काडी ओढायची. वर्षअखेर सरकारची उचल गेली, बियाणे बाजूला पडले, की उरलेल्यातून काड्यांच्या हिशेबाने वाटा मिळायचा. कधी काही किलो धान्य, कधी तेवढेही नाही. ठरलेला पगार १९६६ सालापासून सुरू झाला. गाव सोडून जायचे तर देशांतर्गत ओळखपत्र लागे, ते कोलखोजच्या माणसाला सरसकट मिळण्याचा निर्णय व्हायला १९७४ साल उजाडले.

मग घर चालायचे कशावर? परसावर. प्रत्येक कुटुंबाला फार तर अर्धा हेक्टर, म्हणजे आपला सव्वा एकर, स्वतःसाठी ठेवता येई. त्यात बटाटे, कांदे, कोबी, एखादी गाय, चार कोंबड्या. जास्तीचे शहराच्या बाजारात नेऊन आपल्या भावाने विकता येई. साऱ्या देशाच्या पिकाऊ जमिनीत या परसांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास, पण शेतीच्या एकूण उत्पन्नात सुमारे चौथा हिस्सा त्यांचा! हात तेच, माती तीच. फरक एवढाच, की परसातला बटाटा आपला होता आणि शिवारातला गहू ‘सगळ्यांचा’, म्हणजे कुणाचाच नव्हता.

गोर्बाचोव्ह याच मातीत वाढला. वडील सेर्गेई कापणी-मळणीचे यंत्र चालवायचे, पोरगा मदतीला. १९४८ सालच्या हंगामात बापलेकांनी आठ हजार क्विंटलांहून अधिक धान्य मळले. वडिलांना लेनिन पदक मिळाले, सतरा वर्षांच्या मुलाला श्रमाच्या लाल निशाणाचे. त्याच बळावर तो मॉस्को विद्यापीठात कायदा शिकायला गेला. १९५५ साली परत स्ताव्रोपोलला आला, पुढे शेतीच्या अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि १९७० साली प्रांताचा मुख्य पक्षचिटणीस झाला.

या प्रांतात मिनेराल्निये वोदी नावाचे स्टेशन आहे. आसपास औषधी पाण्याचे झरे, त्यामुळे मॉस्कोची वजनदार मंडळी विश्रांतीला यायची. १९७८ च्या सप्टेंबरात ब्रेझनेव्ह यांची गाडी तिथे थांबली. बरोबर चेर्नेन्को होते. जवळच सुट्टीवर आलेले आंद्रोपोव्ह आणि यजमान गोर्बाचोव्ह भेटीला आले. देशाचे लागोपाठचे चार सर्वोच्च नेते त्या फलाटावर एकत्र उभे होते, आणि तेव्हा कुणालाच त्याची कल्पना नव्हती. दोन महिन्यांत गोर्बाचोव्ह मॉस्कोला शेतीचा कारभार पाहायला गेले. ११ मार्च १९८५ रोजी सारा देशच त्यांच्या हाती आला.

आपल्याकडे त्या देशाची गुळगुळीत कागदाची रंगीत मासिके मराठीतही यायची. पोरांच्या पुस्तकांना त्यांची कव्हरे घातलेली अनेकांना आठवत असतील. त्यात हसरी शेतकरीण आणि सोन्यासारखा गहू असायचा. पण जगातला सर्वांत मोठा मुलूख असलेला हा देश त्या काळात परदेशातून गहू-मका आणून खात होता. काही वर्षी तर चार कोटी टनांहून अधिक. पैसा यायचा तेलाच्या विक्रीतून, आणि १९८६ साली तेलाचे भाव कोसळले.

पावाचा भाव मात्र वर्षानुवर्षे गोठवलेला. इतका स्वस्त, की जनावरांना चारा-पेंडीऐवजी पाव घातलेला परवडे. मुले पावाचा चेंडू करून खेळतात, असे खुद्द गोर्बाचोव्ह यांनी १९८७ सालच्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे.

त्यांनी सुधारणांना हात घातला. पेरेस्त्रोइका म्हणजे फेरउभारणी आणि ग्लासनोस्त म्हणजे उघडपणा, हे दोन शब्द जगभर गेले. पहिले पाऊल मात्र भलतेच पडले. मे १९८५ मध्ये दारूविरोधी मोहीम निघाली. हेतू चांगला होता. पण अधिकाऱ्यांनी मोल्दाव्हिया, क्रिमियाकडचे द्राक्षाचे मळेच उपटून टाकले. लोक घरी हातभट्टी लावू लागले, त्यापायी दुकानातली साखर नाहीशी झाली, आणि सरकारचे उत्पन्न बुडाले ते वेगळेच. ज्याने द्राक्षबाग उभी केली आहे त्याला विचारा, वेल उपटायला एक दिवस लागतो आणि लावायला किती वर्षे.

त्याच वर्षी शेतीची पाच मंत्रालये मोडून एक भलेमोठे खाते केले. ते चालेना म्हणून १९८९ साली मोडले. १९८८ च्या सहकारी कायद्याने लोकांना स्वतःचे छोटे धंदे काढायला मोकळीक मिळाली. शेतकऱ्यासाठी भाडेपट्टा आला. कोलखोजची जमीन कुटुंबाने पट्ट्याने घ्यावी, पन्नास वर्षांपर्यंतही घ्यावी, आणि पिकवावी.

तुम्हाला वाटेल, लोकांची झुंबड उडाली असेल. तसे झाले नाही. फार थोडे पुढे आले. का? एक तर पट्टा देणारा कोलखोजचा चेअरमनच. डिझेल त्याच्याकडे, ट्रॅक्टरचे सुटे भाग त्याच्याकडे, खत-बियाणे त्याच्याकडे. त्याची मर्जी फिरली की पट्टेदार बसला. दुसरे, आजोबांची आठवण. ज्याने दोन गाई जास्त पाळल्या त्याचे काय झाले, हे गाव विसरले नव्हते. आज सरकार देते, उद्या काढून घेतले तर? आणि तिसरे, साठ वर्षांत शेतकरीपणच सुटले होते. एक जण फक्त ट्रॅक्टर चालवणार, दुसरी फक्त धारा काढणार. कधी पेरायचे, काय पेरायचे, कुठे विकायचे, हे सारे वरून ठरायचे. ते एका कायद्याने परत येत नाही.

राजकारणात मात्र बांध फुटला. मार्च १९८९ मध्ये लोकांना प्रथमच एकाहून अधिक उमेदवारांतून निवडता आले. सभागृहातली भांडणे घरोघरी दूरदर्शनवर दिसू लागली. मार्च १९९० मध्ये घटनेतून पक्षाची मक्तेदारी गेली. बोलायची भीती गेली, पण दुकानातल्या फळ्या रिकाम्याच राहिल्या.

१९९० चे साल तर बघाच. गव्हाचे पीक उदंड आले. पण गोदामे अपुरी, वाहने अपुरी, आणि रुबलने बाजारात काही मिळेना म्हणून शेते सरकारला धान्य घालायला नाखूश. जास्तीच्या गव्हाला परकीय चलन देण्याचे आमिषही आदल्या वर्षीच दाखवून झाले होते. शेतात बटाटा सडतो आहे आणि शहरात रांगा लागल्या आहेत. जानेवारी १९९१ मध्ये पन्नास आणि शंभर रुबलच्या नोटा एकाएकी रद्द केल्या, एप्रिलमध्ये भाव वाढवले. लोकांचा उरलासुरला विश्वासही उडाला. ऑगस्टमध्ये जुन्या मंडळींनी केलेला सत्तापालटाचा डाव तीन दिवसांत फसला. २५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचोव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघ नकाशावरून पुसला गेला.

पुढे कोलखोजच्या सभासदांना जमिनीचे हिस्से कागदावर मिळाले. पण नांगर नाही, कर्ज नाही, बाजार नाही. बहुतेकांनी हिस्सा मोठ्या कंपनीला खंडाने दिला आणि खंड म्हणून थोडे धान्य, थोडे तेल घेतले. शेतजमीन विकण्याची मोकळीक २००२ च्या कायद्याने आली. आज रशिया जगातल्या आघाडीच्या गहू निर्यातदारांत आहे आणि त्यात स्ताव्रोपोलच्या गव्हाचाही वाटा आहे. माती तीच, पण जमीन पुन्हा मोठ्यांच्याच ताब्यात. गोर्बाचोव्ह ३० ऑगस्ट २०२२ रोजी मॉस्कोत वारले.

वाचकहो, त्यांना जगाने शांततेचे नोबेल दिले आणि घरच्यांनी बोल लावले. दोन्ही बाजूंना कारणे आहेत. पण आपल्यासारख्या शेतीवर पोट असणाऱ्यांनी त्या गावाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. काय पेरायचे हा निर्णय शेतकऱ्याच्या हातून काढून घ्यायला एक पिढी पुरते, तो त्याच्या हाती परत द्यायला दोन पिढ्याही अपुऱ्या पडतात. आणि परत द्यायचाच, तर नुसता पट्ट्याचा कागद देऊन भागत नाही. त्याबरोबर बियाणे, कर्ज, रस्ता, गोदाम आणि उद्याचा भरवसाही द्यावा लागतो.