सभेतले मौन

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तू इकडून नेलेले द्यूतसभेचे चित्र पाहून तुझ्या तिकडच्या मित्रांनी जे विचारले, की एका स्त्रीची भर दरबारात विटंबना चालली असता हे शुभ्र दाढीचे वृद्ध माना खाली घालून का बसले आहेत, तेच सभापर्वात एका तरुणाने प्रत्यक्ष त्या वृद्धांना विचारलेले आहे. ती हकीकत तुला नीट ठाऊक असावी म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सभेत फरफटत आणली जाण्यापूर्वीच द्रौपदीने दूत प्रातिकामीकरवी पृच्छा केली होती, की धर्मराजाने आधी स्वतःला गमावले की मला? जो स्वतः दास झाला त्याची दुसऱ्यावर मालकी उरते काय, हा न्यायाचा मुद्दा त्या भयंकर घटकेतही तिने अविचल बुद्धीने मांडला. भीष्मांसारख्या धर्मज्ञाने धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निवाडा टाळला. द्रोण आणि कृप गप्प राहिले. तेव्हा धृतराष्ट्राचाच एक पुत्र, दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण, वडीलधाऱ्यांना वारंवार जबाब मागूनही कोणी बोलेना असे पाहून स्वतः बोलू लागला: द्यूत हे राजांच्या चार व्यसनांपैकी एक आणि व्यसनाच्या भरात केलेले कृत्य प्रमाण नव्हे, द्रौपदी पाचांची पत्नी, तिच्यावर एकट्याचा अधिकार नाही, युधिष्ठिर आधीच स्वतःला हरला होता, आणि तिला पणास लावण्याची सूचनाही शकुनीची, सबब ती जिंकली गेलेली नाही. सभेने त्याची वाहवा केली, परंतु कर्णाने त्याला पोर म्हणून झिडकारताच सारे पुन्हा निमूट झाले.

पुढे विदुराने त्या सभेला प्रह्लादाची कथा ऐकवली. प्रह्लादपुत्र विरोचन आणि अंगिरसपुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, अशी प्राणांची पैज लागली आणि निवाडा प्रह्लादाकडे आला. पुत्रप्रेमाने व्याकुळ झालेल्या त्या पित्याने कश्यपांना विचारले असता उत्तर मिळाले, की जेथे निंद्य कृत्याची निंदा होत नाही तेथे पापाचा निम्मा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, चतुर्थांश कर्त्याकडे आणि चतुर्थांश मूक सभासदांकडे. म्हणजे ज्याने द्रौपदीच्या वस्त्राला हात घातला त्याच्याहून, अधिकार असून ज्याने तो हात अडवला नाही, त्याचा दोष दुप्पट! प्रह्लादाने पुत्राविरुद्ध सत्य सांगितले, आणि संतुष्ट झालेल्या सुधन्व्याने विरोचनाचे प्राण परत केले. हे ऐकूनही तेथील राजे बोलले नाहीत.

विकर्णाला निष्कलंक वीर म्हणून तुझ्यापुढे उभा करावा, असे मात्र मला वाटत नाही. युद्ध उभे राहिले तेव्हा तो भावाच्याच पक्षात राहिला, आणि जयद्रथवधाच्या दिवशी भीमाने शंभरही कौरवांना मारण्याच्या आपल्या प्रतिज्ञेपायी त्याला मारले. मारल्यावर त्याच्यासाठी भीमाने शोक केला, एवढा त्याच्या त्या एका दिवसाच्या वाणीचा शत्रूच्या मनावरही ठसा होता. व्यासांची थोरवी मला येथे दिसते: त्यांनी विकर्णाचे सत्य लहान केले नाही आणि त्याचे कुलबंधनही झाकले नाही. सत्य बोलणे ही शीलाची पहिली पायरी. त्या सत्याच्या बाजूस जाऊन उभे राहणे ही त्याहून अवघड, आणि ती त्याला चढता आली नाही.

तेव्हा मित्रांना सांग, की ते वृद्ध अज्ञानी नव्हते. जे ते जाणत होते ते उच्चारण्याची किंमत त्यांना द्यायची नव्हती. तूही उद्या एखाद्या संस्थेत अधिकाराच्या जागी बसशील. तेथे तुझ्यादेखत कोणावर अन्याय झाला आणि विषय गुंतागुंतीचा आहे असे म्हणून सगळे अंग काढून घेऊ लागले, तर आपल्या वयाचा, हुद्द्याचा किंवा परकेपणाचा हिशेब न करता बोल, आणि बोलल्यावर त्या बोलण्याप्रमाणे वाग.

प्रकृतीची हयगय करू नकोस. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका