धडधड होणे

माझ्या आईला धडधड होत असे. मानसोपचाराच्या परिभाषेत या वाक्याचे रूपांतर कसे करतात हे आज मला ठाऊक आहे. तरीही आरंभी ते तिच्याच शब्दांत असावे असे वाटते. वडील एस.टी.त वाहक होते. शेवटची गाडी डेपोत लावून घरी यायला त्यांना रात्रीचे अकरा वाजत, कधी बारा. आठ वाजल्यापासून आई आत-बाहेर करू लागे. साडेनऊच्या सुमारास ती उंबरठ्यावर बसे, हात छातीवर ठेवी आणि म्हणे, "जरा पाणी दे गं, धडधड होतेय." वडील सुखरूप आले की ती थांबायला हवी होती. पण थांबत नसे. मग भावाच्या परीक्षेची धडधड, माझ्या तापाची धडधड, आणि पुढेपुढे कशाचीच नाही अशी नुसती धडधड. हा १९९०च्या आगेमागेचा काळ. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते.

आमचे फॅमिली डॉक्टर भले गृहस्थ होते. तालुक्याला पाठवून त्यांनी तिचा कार्डिओग्राम काढून घेतला, एकदा नव्हे, तीन-चारदा. कागदाची लांब पट्टी उजेडात धरून ते म्हणत, "वहिनी, अगदी स्वच्छ आहे. काही झालेलं नाही तुम्हाला. टेन्शन घ्यायचं नाही." मग एक ताकदीचे इंजेक्शन, लाल गोळ्या, आणि कधी रात्री घ्यायची एक लहानशी पांढरी गोळी. परतताना आई पुटपुटे, "काही झालेलं नाही म्हणाले." त्या पुटपुटण्यात सुटकेपेक्षा अपमान अधिक होता, हे मला फार उशिरा उमगले. २०११ साली ती गेली. धडधडीने नव्हे, दुसऱ्याच आजाराने. पण वीस-बावीस वर्षे ती 'काही न झालेल्या' दुखण्यासह जगली.

व्याकरण शिकवण्याचे व्यसन असल्यामुळे असेल, पण डॉक्टरांच्या त्या वाक्यातील क्रियापद माझ्या मनातून कधी गेले नाही. मराठीत भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते, धडधड होते. ज्याच्यावर हे ओढवते तो माणूस या वाक्यांत काही करीत नसतो. 'ला' प्रत्यय लावून तो भोगणाऱ्याच्या जागी बसलेला असतो. आई म्हणे 'मला होते'. डॉक्टर म्हणत 'घेऊ नका'. जणू कोणीतरी तबकातून टेन्शन पुढे केले होते आणि हिने हात पुढे करून ते घेतले! एका क्रियापदाच्या बदलाने भोगणारी बाई करणारी ठरली, आणि करणारी म्हटल्यावर दोषीही. 'काळजी वाटते' आणि 'काळजी करते' यांतील अंतर आपण वर्गात एका उदाहरणात उरकतो. दवाखान्यात ते एका माणसाच्या आयुष्याएवढे असू शकते.

२०१८च्या हिवाळ्यात वर्गात शिकवता शिकवता माझ्याच बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि आता आपण पडणार असे वाटले. सगळ्या तपासण्या झाल्या. कार्डिओग्राम स्वच्छ. पट्टी पाहताना मला हसू आले आणि लगेच रडूही. माझे नशीब आईपेक्षा बरे. उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरबाईंनी 'काही झालेलं नाही' असे न म्हणता सात प्रश्नांचा एक कागद पुढे ठेवला. माझी बेरीज चौदा आली. काही महिने औषध, काही बैठका समुपदेशनाच्या; त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही, मी बरी झाले. पण तो कागद कुठून आला याचे कुतूहल राहिले आणि सुट्टीत मी वाचू लागले. साहित्याच्या प्राध्यापिकेने वैद्यकातील शोधनिबंध वाचणे हे परक्याच्या घरात डोकावण्यासारखे आहे, हे मान्य. सांख्यिकी मला कळत नाही. मात्र या निबंधांत माणसे काय बोलतात आणि त्यांना काय सांगितले जाते याचीही चर्चा असते, आणि ती मला कळते.

सात प्रश्नांचा तो तक्ता रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. मनोरुग्णालयासाठी नव्हे, तर सर्दी-खोकल्याला जिथे जातात अशा नेहमीच्या दवाखान्यांसाठी. गेल्या दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. दहा किंवा त्याहून अधिक आले की डॉक्टरने नीट चौकशी करावी. त्यातील दुसरा प्रश्न वाचून मी थबकले. काळजी करता का, असे तो विचारीत नाही. काळजी थांबवता येत नाही, आवरता येत नाही, असे होते का, असे विचारतो. म्हणजे 'घेऊ नका' हा सल्ला निरुपयोगी आहे हे प्रश्नातच गृहीत धरलेले आहे. न घेणे जमत नाही, हेच तर दुखणे!

पण मला खरे गुंतवले ते आपल्या शेजारच्या गोव्यातील संशोधनाने. १९९६ साली तेथे 'संगत' ही संस्था उभी राहिली, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. शरीराच्या तक्रारी घेऊन साध्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी किती जणांचे मूळ दुखणे चिंतेचे वा खिन्नतेचे असते, आणि त्यावर तेथल्या तेथे काय करता येईल, हा या मंडळींचा विषय. अंगावरून पांढरे जाते म्हणून येणाऱ्या स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरील ताणाशी, घरातील जाचाशी अधिक घट्ट आढळला. हे वाचताना मला आमच्या आळीतल्या कितीतरी बायका आठवल्या. ज्याला घरात वा दवाखान्यात कान मिळत नाही ते दुखणे, ज्याला कान मिळतो अशा अवयवात जाऊन बसते, असे मला वाटते. अर्थात हे माझे वाक्य, संशोधकांचे नव्हे.

२००३ साली त्यांचा पहिला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्यांपैकी काहींना नैराश्यावरचे औषध, काहींना मानसोपचाराच्या बैठका, काहींना केवळ औषधासारखी दिसणारी गोळी. दोन महिन्यांनी औषधाचा गुण दिसला. बैठकांचा मात्र त्या नकली गोळीहून अधिक दिसला नाही. शब्दांवर पोट असलेल्या माझ्यासारखीला हा निष्कर्ष रुचणारा नव्हता. तो त्यांनी झाकून ठेवला नाही, याचे मात्र मला अप्रूप वाटले. साहित्यसमीक्षेत आपला सिद्धांत फसला असे छापून सांगणारा समीक्षक मी अजून पाहिलेला नाही.

पुढचा प्रयोग 'मानस' या नावाचा. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०१० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने, २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला एक समुपदेशक दिली. ती मानसशास्त्रज्ञ नव्हती, परिचारिकाही नव्हती. वैद्यकाची कोणतीही पार्श्वभूमी नसलेली, खास प्रशिक्षण दिलेली स्थानिक व्यक्ती. तिने रुग्णाशी बोलायचे ते रोगाची भारदस्त नावे टाळून, ताणाच्या रोजच्या भाषेत: ही छातीतली धडधड, हा थकवा, ही न येणारी झोप यांचा मनावरच्या ताणाशी असा असा संबंध आहे, श्वास असा घ्या, आठ दिवसांनी पुन्हा या. कोणाला त्याहून अधिक बैठका, कोणाला डॉक्टरांकडून गोळ्या, फारच अवघड असेल तर मनोविकारतज्ज्ञ. पायरीपायरीने.

निदानाच्या निकषांत बसणाऱ्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी किती बरे झाले, हे मग मोजले. सरकारी केंद्रांत, जिथे समुपदेशक होती तिथे ६५.९ टक्के, जिथे नव्हती तिथे ४२.५. हा आकडा वाचून मी वही मिटली. डिसेंबर २०१० मध्ये आई हयात होती, आणि गोवा आमच्या गावापासून एका रात्रीच्या एस.टी.च्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी उरलेला निबंध वाचला तेव्हा घोटाळा झाला. खाजगी दवाखान्यांत समुपदेशकामुळे काहीच फरक पडला नव्हता. ती असो वा नसो, तिथे तीनांपैकी सुमारे दोघे बरे झाले होते. म्हणजे ओळखीच्या, वर्षानुवर्षांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाला बहुधा तिथेच काहीतरी मिळत होते. आमच्या फॅमिली डॉक्टरांवर मी इतकी वर्षे मनात खटला चालवीत होते. हा पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहिला. तीन-चार कार्डिओग्राम, रात्री-अपरात्री घरी येणे, पैशांसाठी कधी न अडणे... हेही मी पाहिले होते, पण फिर्यादीत घातले नव्हते.

तरी आई बरी झाली नव्हती, हेही खरे. पुन्हा वाचताना एक बारकावा सापडला. प्रयोगात ज्या दवाखान्यांना समुपदेशक दिली नव्हती, तिथल्या डॉक्टरांनाही रुग्णाच्या चाचणीचा निकाल कळवला होता आणि उपचारांची एक पुस्तिका दिली होती. त्यांना निदान ठाऊक तरी होते की समोरच्या बाईला 'काहीतरी झालेले' आहे. आमच्या डॉक्टरांच्या हातात १९९० साली कार्डिओग्रामची पट्टी होती आणि ती स्वच्छ होती. दुसरा कागद त्यांना कोणी दिलाच नाही. खटला मी अजून मागे घेतलेला नाही. फक्त आरोपींची संख्या वाढली आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, सर्रास आढळणाऱ्या अशा मनोविकारांच्या शंभरातील पंचाऐंशी रुग्णांना उपचार मिळत नाहीत असे दिसले. आई त्या पाहणीपूर्वीच गेली, पण त्या पंचाऐंशींत मी तिला बसवते.

यंदा एम.ए.च्या भाषांतराच्या तासाला मी ते सात प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले. अट एकच: आपल्या आजीला विचारता येईल अशा मराठीत आणा. पहिल्याच प्रश्नात अडले. इंग्रजीत तिथे माणूस कडेवर, धारेवर असल्याची प्रतिमा आहे. मराठीत एखाद्याला धारेवर धरतात ते निराळे. कोणी 'चिंताग्रस्त' लिहिले. तो शब्द मी फळ्यावर लिहून विचारले, तुमच्या घरी हे कोण म्हणते? कोणीच नाही. 'चिंता' या शब्दालाच आपल्याकडे उपदेशाचा वास लागलेला आहे: चितेत आणि तिच्यात एका अनुस्वाराचे अंतर, ती करू नये, देवावर सोडावी. मग हळूहळू शब्द येऊ लागले. धाकधूक. घोर. उलघाल. जीव टांगणीला लागणे. काळीज लकलक करणे. स्वस्थ न बसवणे याला 'बूड न टेकणे', आणि हसू. निवांत होता न येणे हे मराठीत इंग्रजीपेक्षाही चांगले जमले, कारण 'निवांत' आपल्याकडे आहे. काहीतरी भयंकर घडेल असे वाटणे, या शेवटच्या प्रश्नाला मागच्या बाकावरून उत्तर आले, "मॅडम, मन चिंती ते वैरी न चिंती." आजीला याहून नेमके कसे विचारणार? परिभाषा कोशाला जे साधत नाही ते वर्गात चाळीस मिनिटांत साधले. मानसोपचार आणि मराठी विभाग यांची कधी गाठच पडू नये, हे मला आता विचित्र वाटते.

कागद गोळा केले. त्यांतल्या एकावर भाषांतर नव्हते. सातही प्रश्नांसमोर पेन्सिलीने आकडे होते आणि खाली बेरीज: १७. ती मुलगी दुसऱ्या दिवशी विभागात आली, म्हणाली, "मॅडम, ते चुकून लिहिलं गेलं." माझ्या तोंडावर 'टेन्शन घेऊ नकोस' आले होते. ते गिळले आणि विचारले, "काय होतं गं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोटात खड्डा पडतो. रोज. स्टँडवर उतरलं की."

मी तिला टेलि-मानसचा क्रमांक दिला, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे आणि ती मराठीतही बोलते. गोव्याच्या त्या प्रयोगाशी नाव जुळते एवढेच, बाकी संबंध नाही. पण फोनवर कोणाशी बोलायचे, याचाच तिच्या पोटात खड्डा. तेव्हा पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी रुग्णालयात गेलो. (हे सगळे तिला वाचून दाखवूनच लिहीत आहे.) केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. आतल्या माणसाने मान वर न करता विचारले, "काय होतंय?"

"पोटात खड्डा पडतो."

त्याने लिहिले: पोटदुखी. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात तिनेच काचेवर बोट टेकवले. "पोटदुखी नाही लिहायचं, काका. खड्डा पडतो. छातीत धडधडतं पण." त्याने पहिल्यांदाच वर पाहिले, लिहिलेले खोडले आणि नवा कागद ओढला.